लाकडाचा हात: बोटांची हाडं घडवताना ठेवलेल्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळी संपली आणि नातीला आठवलं की डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. पुठ्ठ्याचा हात, त्यावर स्ट्रॉचे तुकडे आणि आतून दोरा, हे मॉडेल दरवर्षी चार जण तरी आणतात. तिनेही गेल्या वर्षी तेच केलं होतं. दोरा ओढला की बोटं वाकतात, लोक कौतुक करतात. पण त्या हातात पेन दिला तर पेन पडतो. "आजोबा, मग आपल्या हातातनं का पडत नाही?" एवढाच तिचा प्रश्न.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला चाळीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केली, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा उठवतात ते नमुने. तोंडी उत्तर देण्यापेक्षा लाकूड तासणं मला सोपं जातं. त्यात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन वर्षं कळ आहे, आणि त्याचा एक्स-रे घरातच पडून होता. आयतं ड्रॉइंग मिळालं असं वाटलं. या वाटण्याने पुढे दहा दिवस खाल्ले.

७ नोव्हेंबर

एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवून ट्रेसिंग पेपरवर हाडं उतरवली. मधल्या बोटापासून सुरुवात. बोटात तीन हाडं, अंगठ्यात दोन, म्हणजे एका हातात बोटांची १४. तळव्यातली ५ आणि मनगटातली ८ धरली की २७ होतात.

पहिली चूक अर्ध्या तासात सापडली. फिल्मवर हात ठेवून पाहिला तर माझं बोट फिल्मवरच्या बोटापेक्षा बरंच लांब! हल्ली फिल्म लहान करून छापतात, हे मला ठाऊक नव्हतं. मग मापं स्वतःच्या हातावरूनच घेतली. बोट वाकवलं की वर जी गाठ येते ती सांध्याची फट नव्हे. ते मागच्या हाडाचं डोकं असतं. त्यामुळे गाठीपासून गाठीपर्यंत मोजलं की हाडाची लांबी जवळपास मिळते. माझ्या मधल्या बोटाची मापं ४४, २८ आणि १८ मिलिमीटर आली. हाताळायला सोपं जावं म्हणून दीडपट करायचं ठरवलं: ६६, ४२, २७.

लाकूड सागवान, जुन्या शॉपमधून आणलेले तुकडे. फुकट.

९ नोव्हेंबर

एक्स-रेत हाडं मधे बारीक आणि टोकांना जाड दिसतात. डमरूच जरा लांबट केल्यासारखी. हा तर लेथचा जॉब! मित्राच्या वुड लेथवर दुपारभरात नऊ हाडं उतरवली, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केली. दिसायला इतकी सुंदर की हिने टेबलावर बघून म्हटलं, "अहो, बुद्धिबळाच्या सोंगट्या केल्यात का?"

रात्री भोकं पाडली. पिना बसेनात. कारण शोधायला तास गेला. हाडांची लांबी मी सवयीने श्रिंकेज स्केलने आखली होती. ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवर मीटरमागे दहा मिलिमीटर जास्त धरलेले असतात. भोकांच्या जागा मात्र साध्या व्हर्नियरने घेतल्या होत्या. ६६ मिलिमीटरला पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक पडला. अख्खं मॉडेल एकाच पट्टीने केलं असतं तर काही बिघडलं नसतं. दोन पट्ट्या एका जॉबवर नकोत, हे मी पोरांना आयुष्यभर शिकवलं, आणि स्वतःच फसलो.

११ नोव्हेंबर

बोट जोडलं. तळव्याच्या बाजूने तंगूस (नायलॉनचा दोर) आणि मागून रबर, म्हणजे दोर सोडला की बोट सरळ होईल. ओढला.

बोट वाकलं, पण मुरगळत वाकलं. हाडं गोल, त्यामुळे ताण आला की तंगूस गोलाईवरून एका कुशीला घसरतो आणि बोट तिकडे वळतं. मग स्क्रू-हूक लावून तो मधे धरला. घसरणं थांबलं, पण आता पेन धरायला दिला तर पेन हाडाच्या गोलाईवर डुगडुगतो.

दुसरं दुखणं सांध्याचं. टोकं गोल केली होती म्हणून बोटाची मधली पेरंसुद्धा डावी-उजवीकडे हलतात. आपलं मधलं पेर तसं हलत नाही, आत्ता हलवून बघा.

१३ नोव्हेंबर

एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडून प्लॅस्टिकचा हाताचा सांगाडा महिनाभरासाठी आणला. पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं.

सांगाड्यातलं बोटाचं मुळातलं हाड सोडवून काचेवर तळव्याची बाजू खाली करून ठेवलं. दोन्ही टोकं टेकली आणि मधून उजेड दिसला. हाड बाजूने पाहिलं की किंचित कमानदार आहे, पाठीला फुगीर आणि पोटाला पोकळ. ते आडवं कापलं असतं तर अर्धगोल दिसलं असतं: पाठ गोल, पोट सपाट. आणि सपाट पोटाच्या दोन्ही कडांना बारीक उंचवटे.

एक्स-रे समोरून काढलेला. त्यात यातलं काहीही दिसत नाही. जाडी दिसते, कमान दिसत नाही. एकाच व्ह्यूवरून पॅटर्न करायला बसलो म्हटलं तर शॉपमधल्या शिकाऊ पोरानेही मला हसून घालवलं असतं.

लेथवरची नऊ हाडं बाजूला ठेवली. नात म्हणाली, "टाकू नका, चुकलेली म्हणून मांडू." ही तिची सूचना चांगली होती, पुढे उपयोगी पडली.

१६ नोव्हेंबर

नवी हाडं हाताने: पटाशी, अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. एका हाडाला दीड तास.

पोट सपाट केल्याबरोबर तंगूस शहाण्यासारखा मधे बसला. बाजूच्या दोन कडांमध्ये चामड्याची पट्टी आडवी चिकटवली की तिच्याखालून तो जातो. पॅटर्नच्या कोपऱ्यात आम्ही जी चामड्याची फिलेट लावतो तीच वापरली, अरल्डाइटने. खऱ्या बोटात याच कडांना स्नायुबंधाचं, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोराचं, म्यान धरलेलं असतं आणि जागोजागी त्याच्या जाड कड्या असतात. त्यातल्या दोन मोठ्या महत्त्वाच्या, एक मुळाच्या हाडावर आणि दुसरी मधल्या हाडावर.

त्या दोनच का, हे बघायला मुद्दाम एकेक काढून पाहिली. सगळ्या जागेवर असताना साडेपाच सेंटिमीटर ओढ दिली की बोटाचं टोक तळव्याला टेकतं. मुळावरची आणि मधली कडी काढली तर तंगूस हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखा ताणला जातो. दहा सेंटिमीटर ओढूनही टोक तळव्याला पोचेना. शिवाय तो दोर मुठीच्या पोकळीत आडवा येतो आणि वस्तूला बसायला जागाच राहत नाही. बोटाच्या आत वाकवणारा स्नायू नाही, ते स्नायू कोपराखाली हातात आहेत. ओढ एवढ्या लांबून येते, म्हणून तिला हाडाशी चिकटवून ठेवणं भाग पडतं.

१९ नोव्हेंबर

सांधे. मुळाच्या हाडाचं पुढचं टोक चेंडूसारखं नाही. ते कप्पीसारखं आहे: दोन गोलाया आणि मधे खाच. पुढच्या हाडाच्या बुडाला त्या खाचेत बसणारी धार. तसं कोरलं. बाजूला हलणं पूर्ण बंद झालं, पिनेवरचा भारही कमी झाला, कारण आता आकारच आकाराला धरतो. ओतकामाच्या साच्यात कोअर (आतला गाभा) त्याच्यासाठी सोडलेल्या खाचेत बसवतो तसं.

तळव्याच्या हाडाचं डोकं मात्र खरोखर गोल आहे, म्हणून बोटं तिथे फाकतात. पण एक गंमत आहे. बोटं सरळ ठेवून फाकवा: फाकतात. आता मुळापाशी काटकोनात वाकवून फाकवा. जवळजवळ नाहीच. हे माझ्या मॉडेलमध्ये होईना, वाकवल्यावरही बोट लुळं पडल्यासारखं डुलायचं.

दोन दिवस गेले. हे डोकं बाजूने पाहिलं तर कॅमसारखं, म्हणजे एकीकडे फुगवलेल्या चाकासारखं आहे, तळव्याकडे जास्त उचललेलं. आणि बाजूचा बंध डोक्याच्या मध्यावर नाही, पाठीच्या बाजूला एका खळग्यात रुतलेला आहे. मी चामड्याची पट्टी बरोबर मध्यावर खिळली होती, म्हणून ती कुठल्याही कोनात सारखीच सैल. खिळा तीन मिलिमीटर पाठीकडे सरकवला. आता सरळ असताना पट्टी सैल, वाकलं की ताठ. मोठी वस्तू पकडायला आधी बोटं फाकतात, आणि मूठ मिटली की तीच बोटं खिळल्यासारखी घट्ट होतात. खिळ्याच्या तीन मिलिमीटरने एवढं होतं हे बघून मी उगाचच पाच-सात वेळा बोट वाकवून पाहिलं.

२२ नोव्हेंबर

आज नुसती मोडतोड.

कमानीचा खरा परिणाम दाखवायला एक जादा बोट करायचं ठरवलं होतं, चिंपांझीसारखं: लांब आणि चांगलंच वाकडं. फांदीला लोंबकळणाऱ्या जिवाची हाडं तशीच असतात. सरळ पाटातून वाकडं हाड कापलं. दोर ताणला आणि लोखंडी वजनं टांगली. सहा किलोला कट्‌कन मोडलं. लाकडाची रेषा आडवी गेली होती. कमानीच्या मधोमध लाकडाची नस तुटलेली, तिथे ताकद कुठून येणार? हे मला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. घाई केली.

२५ नोव्हेंबर

एक मिलिमीटरच्या व्हीनियरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) सहा पट्ट्या, फेव्हिकॉल, आणि वाकडा ठोकळा करून रात्रभर क्लॅम्पमध्ये. दुसऱ्या दिवशी मोकळं केलं तर नस कमानीबरोबर वळलेली. हे मोडलं नाही. हाड आयुष्यभर जसं वापरलं जातं तसा त्याचा बाक थोडाफार घडतो, हे नंतर कळलं. माझ्या पट्ट्यांनी ते एका रात्रीत केलं.

मग तुलना. मोरीतल्या झाडूचा दांडा आडवा बांधला, बोट त्यावर अडकवलं, दोराला तीन किलोची ओढ, आणि खालून पाण्याच्या बाटल्या टांगत गेलो. सरळ हाडाचं बोट दांड्याला दोनच ठिकाणी टेकतं, अडीच किलोला घसरलं. वाकडं बोट दांड्याला बिलगून बसलं, चार किलोलाही टिकलं. लाकूड-लाकडाची घसट आहे, हाताची कातडी नाही, म्हणून आकडे फार मनावर घेऊ नका. कोण आधी घसरलं तेवढं घ्या.

मग दुसरी परीक्षा: त्याच वाकड्या बोटाने, समोर स्वतःचा अंगठा धरून, रुपयाचं नाणं उचलायचं. जमेना. वाकड्या बोटाचं टोक अंगठ्याला समोरासमोर भेटतच नाही, कडेने भेटतं. चिंपांझीचा अंगठाही बोटांच्या मानाने आखूड असतो. आपली हाडं जवळजवळ सरळ, अंगठा लांब. फांदी सोडली आणि नाणं मिळालं, असा सौदा दिसतो.

२८ नोव्हेंबर

नाणं मात्र माझ्या सरळ बोटालाही नीट उचलता येत नव्हतं. टोकाचं हाड मी पेन्सिलीसारखं निमुळतं केलं होतं, कारण बोट बाहेरून तसंच दिसतं. सांगाड्यात पाहिलं तर शेवटच्या हाडाचं टोक पसरट आहे, छोट्या फावड्यासारखं. नखही त्यावरच टेकलेलं आणि खालचं गुबगुबीत मांसही त्यावरच पसरलेलं. टोक पसरट केलं, खाली स्पंज आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढला. नाणं उचललं गेलं. नातीने टाळ्या वाजवल्या, मग तांदळाचा दाणा पुढे केला. तो नाही उचलला.

२ डिसेंबर

चार बोटं तळव्यात बसवली. सगळ्या पिना समांतर, मला रेषा सरळ आवडतात. मूठ मिटवली तर बोटं नांगराच्या फाळांसारखी सरळ खाली आली. चेंडू दिला तर करंगळी हवेत.

आपलं एकेक बोट वेगवेगळं मिटवून बघा. चारही टोकं अंगठ्याकडच्या मनगटाजवळ जो उंचवटा लागतो, त्याच्याच रोखाने जातात. हे सांध्यांच्या किंचित तिरप्या घडणीमुळे होतं. हाडांच्या डोक्याची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असते. भोकं बुजवली (काडी आणि फेव्हिकॉल) आणि तिरप्या पिना टाकल्या. एक भोक उलट्या बाजूला तिरपं पडलं. पुन्हा बुजवलं.

आणखी एक. या बोटांची तळव्यातली चारही हाडं मी एका पट्टीवर पक्की केली होती. हातोडीचा दांडा दिला तर हात कंगव्यासारखा त्यावर आडवा पडला. खरं म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं मनगटात पक्की, अनामिका आणि करंगळीची थोडी हलणारी. मूठ आवळताना करंगळीकडची कड पुढे येते, तळवा पन्हळीसारखा होतो, आणि दांडा त्या पन्हळीत तिरपा बसतो. ती दोन हाडं बिजागरीवर घेतल्यावर हातोडी हातात बसली. हातोडीच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

५ डिसेंबर

हातोडी आपटून पाहताना मधल्या बोटाचं तळव्यातलं हाड मागे मनगटात सरकू लागलं. थांबवायला त्याच्या बुडाला पाठीच्या बाजूने एक छोटी खुंटी ठेवली आणि मनगटाच्या ठोकळ्यात तिला खाच दिली. झकास बसलं. स्वतःवर खूश होऊन सांगाड्याकडे पाहिलं तर त्या हाडाला अगदी तिथेच तशी खुंटी आधीपासून होती! मी तिला प्लॅस्टिकच्या साच्याची राहिलेली बर, म्हणजे जादा कंगोरा, समजून दुर्लक्ष केलं होतं.

शाळेतल्या बाईंनी तक्त्यासाठी माहिती शोधायला सांगितली होती, त्यात नातीला हेच हाड सापडलं. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला कैतिओ इथे मिळालेलं, १४ लाख २० हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्यालाही ही खुंटी आहे. त्याआधीच्या माकडमानवांच्या हाडांत ती दिसत नाही. जोर लावून अवजार धरणाऱ्या हाताला ती लागते, असं मानतात. लोकांनी काय मानावं ते मानू दे. माझ्या मनगटातून हाड सरकत होतं हे मी पाहिलं. तक्त्यात तिने जॉन नेपिअर यांचंही नाव घातलं. पकडीचे दोन प्रकार, जोराची आणि नेमकी, ही विभागणी त्यांनी १९५६ साली मांडली. आमच्याकडे हातोडी आणि नाणं होतंच.

९ डिसेंबर

अंगठा शेवटी ठेवला होता, भीतीने.

त्याच्या मुळाशी खोगिराचा सांधा आहे. एक खोगीर मनगटाच्या हाडावर, दुसरं त्याच्यावर आडवं बसवलेलं. एका दिशेला खोलगट, दुसऱ्या दिशेला फुगीर. पहिले दोन ठोकळे वाया गेले. तिसरा आमच्या पद्धतीने केला: एका बाजूला प्रशियन ब्लू (निळा रंग) लावायचा, दाबायचं, जिथे निळं उठेल तिथे खरवडायचं. चार तास. शेवटी पूर्ण पृष्ठभागावर सारखं निळं उठलं. असं मॅचिंग मी नोकरीतही क्वचित केलं असेल.

आणि अंगठा फिरेना. पुढे-मागे होतो, आत-बाहेर होतो, पण बोटांच्या टोकांकडे तोंड करून वळत नाही. वळण्यासाठी दोन खोगिरांत थोडी मोकळीक लागते. माझ्या परिपूर्ण मॅचिंगने तीच खाल्ली. कडा पुन्हा घासल्या, मनावर दगड ठेवून. मग अंगठा वळला आणि तर्जनीला समोरून भेटला.

मोकळीक आहे तिथे झीजही होणारच. चिमटीत धरलेल्या वस्तूवरचा जोर अंगठ्याच्या लांबीमुळे मुळाशी कित्येक पट होऊन पोचतो. डॉक्टरांनी हे मला दोन वर्षांपूर्वी एक्स-रेवर पेन टेकवून सांगितलं होतं, तेव्हा नुसती मान डोलावली होती. आज तो सांधा बोटाने दाबून पाहिला, आधी लाकडाचा, मग माझा.

१४ डिसेंबर

प्रदर्शन. पहिल्या तासात एका मुलाने दोर इतका ओढला की मधल्या बोटाची कडी उखडली. नातीने इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि येणाऱ्यांना उलट तेच दाखवू लागली: "कडी नसली तर असं होतं." चुकलेल्या नऊ गोल हाडांची ओळ मांडली होती, तिथे सगळ्यात जास्त गर्दी. बोटं वाकवून फाकवायला सांगितलं की मोठी माणसंसुद्धा थबकून स्वतःच्या हाताकडे बघत उभी राहायची.

खर्च: तंगूस ४० रुपये, सामान तोलायचा डिजिटल काटा २८०, व्हीनियर १२०, अरल्डाइट आणि फेव्हिकॉल मिळून १९०, सायकलची जुनी ट्यूब फुकट. एकूण ६३० रुपये आणि सुमारे ८५ तास, त्यातले तीसेक तास पहिल्या एक्स-रेच्या नादात गेलेले. बाजूचा व्ह्यू आधी मिळवलात तर ते वाचतील.

राहिलेली कामं: करंगळीची पीन सैल आहे, अंगठ्याला मागे ओढणारा रबर फार कडक. सांगाडा उद्या परत द्यायचा आहे. तांदळाचा दाणा अजून उचलला जात नाही.